वजन, पाळी आणि रक्ताचा जमाखर्च

पिंपरी-चिंचवडच्या घरांत ‘पाळी’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. एक पाळी कारखान्याची. सकाळची, दुपारची, रात्रीची. तिचें वेळापत्रक लहान मुलालाहि पाठ असतें, आणि डबा, झोंप, पाहुण्यांचें येणेंजाणें, सारें तिच्यावर बेतलेलें असतें. दुसरी पाळी स्त्रीच्या शरीराची. तिचेंहि एक वेळापत्रक असतें. पण त्याची विचारपूस घरांत कोणी करीत नाहीं, आणि तें बिघडलें तरी जिला तें कळतें ती बहुधा गप्प बसते. वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरांत जे फेरफार होतात, त्यांची पहिली वर्दी पुष्कळदां हीच दुसरी पाळी देते. ती वर्दी वाचावयास शिकणें हें सबंध घराचें काम आहे.

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी व मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणास पोंचतो. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध झुंजविलेला किल्ला आणि कांद्याची बाजारपेठ, एवढ्यावर या गांवाची ओळख पुष्कळ काळ भागत असे. पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी औषधी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. पिंपरी-चिंचवडला १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका मिळाली. आज मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेले आहेत. माणसांचें जिणें त्याबरोबर पालटलें. ज्या घरांतल्या आजीनें विहिरीवरून पाण्याच्या घागरी वाहिल्या, त्याच घरांतली नात कंपनीच्या बसमध्यें बसून जाते, दिवसभर खुर्चीवर बसून काम करते आणि रात्रपाळीच्या जागरणांत बिस्किटें व गोड चहा यांवर वेळ काढते. स्थूलतेला कारणें पुष्कळ आहेत, त्यांत आनुवंशिक कलहि आहे. परंतु बसून केलेलें काम, अवेळीं खाणें आणि अपुरी झोंप हीं त्या कलाला खतपाणी घालतात, यांत शंका नाहीं.

कोणाचें वजन शस्त्रक्रिया करावी इतकें जास्त समजावें, याचा मापदंड आपल्याकडे पाश्चात्त्यांहून वेगळा आहे. आणि तो वेगळा कां असावा, हें पुण्याच्याच एका संशोधकानें स्वतःच्या देहावर दाखवून दिलें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. वजनाला उंचीच्या मीटरमधील वर्गानें भागलें असतां जो आंकडा येतो तो दोघांचाहि २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबीचें प्रमाण ९.१ टक्के होतें, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ आणि आंतून मेदयुक्त, अशी भारतीय देहाची ही ठेवण आहे. म्हणून भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं एकमतानें ठरविलें कीं, हा आंकडा ३७.५ च्या वर गेल्यास, अथवा मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जडलेला असल्यास ३२.५ च्या वर गेल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा. पांच फूट एक इंच उंचीच्या स्त्रीच्या बाबतींत याचा अर्थ अनुक्रमें सुमारें ९० आणि ७८ किलो असा होतो. २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय संस्थांनीं ही मर्यादा आशियाई लोकांसाठीं आणखी खालीं आणली. मर्यादा कोणतीहि मानली, तरी शस्त्रक्रियेचा निर्णय नुसत्या आंकड्यावर होत नाहीं. तो रुग्णाची सर्वांगीण तपासणी करून व्हावयाचा असतो.

ही शस्त्रक्रिया म्हणजे चरबी कापून काढणें, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. शस्त्रक्रिया होते ती जठरावर आणि आतड्यावर. अमेरिकेंतील आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं या मार्गाचा पाया घातला; पुढें दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून हें काम करतां येऊं लागलें. आज दोन प्रकार विशेष रूढ आहेत. पहिल्यांत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग कापून काढतात व बाकीचें जठर सदऱ्याच्या बाहीसारखें अरुंद राहतें. दुसऱ्यांत जठराच्या वरच्या टोंकाला एक इवलीशी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढें नेऊन जोडतात. त्यामुळें अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा आरंभ टाळून आडवाटेनें जातें. दोन्ही प्रकारांत भूक कमी होते, थोड्या घांसांनीं पोट भरतें, भूक व साखर यांचें नियमन करणारे अंतःस्राव पालटतात, आणि वजन झपाट्यानें उतरूं लागतें. मधुमेह आटोक्यांत येतो, सांधे हलके होतात, झोंपेंतला श्वासाचा अडथळा कमी होतो. हे लाभ खरे आहेत.

पण पोट लहान झालें म्हणून शरीराची गरज लहान होत नाहीं. रक्त तेवढेंच लागतें, हाडें तेवढींच असतात, मज्जातंतूंचें पोषणहि तेवढेंच करावें लागतें. आणि नेमकीं ज्या जागीं हीं पोषणद्रव्यें अन्नांतून सुटीं होतात किंवा शोषलीं जातात, त्याच जागा शस्त्रक्रियेनें कापल्या किंवा वगळल्या जातात. अन्नांतील लोह विरघळावयास जठरांतील आम्ल लागतें, आणि त्याचें शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या वळणांत होतें. ब-१२ या जीवनसत्त्वाचा प्रवास तर याहून नाजूक आहे. जठरांतील आम्ल व पाचक रस त्याला अन्नापासून सोडवितात. जठराच्याच भित्तिकेंतून पाझरणारें एक प्रथिन त्याला हाताशीं धरतें. आणि ही जोडी सबंध लहान आतडें पार करून अगदीं शेवटच्या टप्प्यांत रक्तांत शिरते. जठरच आंखुडलें, तर हाताशीं धरणारा सोबती उणा पडतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचीहि तीच गत होते. आणि तीं उणीं पडलीं म्हणजे शरीर हाडांतील चुना काढून रक्ताची गरज भागवूं लागतें.

येथें पुण्याच्या परिसराची एक खास अडचण पुढें येते. परगांवच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, ब-१२ चा यकृतांतील सांठा कित्येक वर्षें पुरतो. ज्याच्या कोठारांत धान्य भरलेलें आहे, त्याला हें खरें. परंतु डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुणें व आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी झाली, आणि त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोकांच्या रक्तांत ब-१२ उणें असल्याचें आढळलें. विशेष हें कीं, खेड्यांतल्यांपेक्षां आणि झोपडवस्तींतल्यांपेक्षां शहरी मध्यमवर्गीयांतच तें अधिक उणें होतें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यांतहि ब-१२ चा तुटवडा बहुसंख्य मातांत दिसून आला. कारण उघड आहे. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें; तें दूध, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें, आणि चहांत घातलेल्या चमचाभर दुधानें गरज भागत नाहीं. या दुष्काळांत लोहाची उणीव मिळवावी. म्हणजे आपल्याकडील स्त्री शस्त्रक्रियेच्या मेजावर जाते, तीच मुळीं अर्धी रिकामी कोठारें घेऊन. म्हणून रक्ताची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीं व्हावी आणि जी उणीव निघेल ती आधीं भरून काढावी, हा पहिला नियम.

आतां पाळीकडे वळूं. फार स्थूल स्त्रियांत पाळी अनियमित असणें ही नित्याची गोष्ट आहे. याचें कारण असें कीं, चरबी ही नुसती निजून राहिलेली वस्तु नव्हे. तिच्यांत स्त्रीत्वाचा अंतःस्राव, म्हणजे इस्ट्रोजेन, तयार होत असतो. शिवाय स्थूलतेमुळें रक्तांत इन्शुलिन वाढतें आणि तें बीजकोशाला पुरुषी अंतःस्राव अधिक करावयास लावतें. परिणामीं महिन्याच्या महिन्याला बीज सुटावयाचें तें सुटत नाहीं. बीज सुटलें नाहीं म्हणजे गर्भाशयाचें अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखालीं वाढत राहतें. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाहीं, आणि येते तेव्हां पूर येतो. वर्षानुवर्षें असें चालल्यास त्या अस्तरांत कर्करोगाचा धोकाहि वाढतो. चेहऱ्यावर लव, मुरमें, मूल न होणें, या तक्रारी याच कुळांतल्या.

वजन उतरूं लागलें कीं हें चक्र उलट फिरतें. इन्शुलिन घटतें, बीजकोश पूर्ववत् काम करूं लागतो, आणि पुष्कळ स्त्रियांना कांहीं महिन्यांतच नियमित पाळी येऊं लागते. ज्या घरांत वर्षानुवर्षें गोळ्या घेतल्याखेरीज पाळी येत नव्हती, तेथें ती आपण होऊन येते, यासारखें समाधान दुसरें नाहीं. पण सगळ्यांचें असें सरळ होत नाहीं. कांहींना पहिल्या महिन्यांत पाळी पुढेंमागें होते, अधिक दिवस राहते किंवा रक्त अधिक जातें. शरीरांतील अंतःस्राव झपाट्यानें पालटत असल्यामुळें असें होतें आणि बहुधा तें स्थिरावतें. उलट कांहींची पाळी बंद पडते. उपाशी शरीर गर्भधारणेचा विचार बाजूला ठेवतें, हा निसर्गाचा हिशेब आहे. आहार, विशेषतः प्रथिनें, फार कमी पडलीं तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोपच थांबतो. मात्र पाळी चुकली असतां ‘अशक्तपणानें चुकली असेल’ असें मानून स्वस्थ बसूं नये. प्रथम गर्भ राहिला आहे काय, हें तपासावें. आणि जिची पाळी कायमची गेलेली आहे, तिला पुन्हां रक्त दिसलें, तर वजन उतरल्याशीं त्याचा संबंध जोडीत न बसतां स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावें.

पाळी परतली, हें सुचिन्ह खरें; पण त्याबरोबर खर्चाचें एक नवें कलम सुरू होतें. साधारण पाळींत तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जातें. ऐंशीच्या वर गेलें तर तें अति समजतात. निरोगी रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्यें सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह असतें. म्हणजे साधारण पाळींत पंधरा ते वीस आणि अति रक्तस्रावांत चाळीस मिलिग्रॅमहून अधिक लोह महिन्याला खर्ची पडतें. जमेच्या बाजूस पाहावें, तर धडधाकट माणसाचें आतडेंसुद्धां दिवसाकाठीं एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषतें, आणि त्यांतलें बरेंचसें पाळीखेरीजच्या नित्य झिजेंत जातें. शस्त्रक्रियेनें जमेचा हा झरा आणखी बारीक होतो. वर्षांतून तीन-चारदां येणारी पाळी आतां बारा-तेरादां येऊं लागली, तर शिल्लक किती दिवस टिकेल, याचा हिशेब कोणत्याहि गृहिणीला करतां येईल. चिकटपट्टी दोन तासांत भिजणें, रक्ताच्या मोठ्या गांठी पडणें, रात्रीं उठून कपडे बदलावे लागणें किंवा सात दिवसांहून अधिक स्राव राहणें, हीं अति रक्तस्रावाचीं घरगुती मापें आहेत. त्यांचा उच्चार डॉक्टरांपुढें न लाजतां करावा.

हा जमाखर्च जुळविण्यासाठीं गोळ्या. त्या शक्ति येण्यासाठीं घेतलेल्या टॉनिकाप्रमाणें चार दिवस घेऊन सोडावयाच्या नसतात. नव्या पोटाबरोबर त्या जन्माच्या सोबती होतात. शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांच्या संस्थांनीं सर्वसाधारण प्रमाणें ठरवून दिलेलीं आहेत. ज्या स्त्रीला पाळी येते तिला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. ब-१२ तोंडानें रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, अथवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमची सुई. फॉलिक अॅसिड ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, आणि अपत्याची शक्यता असल्यास ८०० ते १०००. कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्व आरंभीं ३००० युनिट. शिवाय ब-१, अ, जस्त, तांबें यांचें अल्प प्रमाण. हे आंकडे दिशा कळावी म्हणून. प्रत्येकीचें प्रमाण तिच्या तपासणीवरून तिचा डॉक्टर ठरवील. लेबल वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: फेरस सल्फेटच्या वजनांत निव्वळ लोह थोडेंच असतें. २०० मिलिग्रॅम शुष्क फेरस सल्फेटांत तें सुमारें ६५ मिलिग्रॅम भरतें. पाहावयाचें तें निव्वळ लोह.

गोळी कोणती याइतकेंच ती केव्हां घ्यावी यालाहि महत्त्व आहे. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेंत आडवे येतात. त्यांच्यांत निदान दोन तासांचें अंतर हवें. चहा व दूध हे लोहाचे वैरी; लिंबू व आंवळा हे त्याचे मित्र. पहिल्या पाळीला जाणाऱ्या स्त्रीनें उठल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर लोह घ्यावें आणि चहा निदान तासाभरानें, कारखान्यांत गेल्यावर घ्यावा. कॅल्शियम दुपारच्या डब्यानंतर आणि रात्रीं जेवणानंतर असें विभागून घ्यावें, कारण एका वेळीं पांचशें-सहाशें मिलिग्रॅमहून अधिक शरीराला पचवितां येत नाहीं. स्वस्त गोळ्यांतून येणारें कॅल्शियम कार्बोनेट विरघळावयास आम्ल लागतें, आणि आम्ल तर आतां कमी. म्हणून सायट्रेट बरें. रात्रपाळी असेल त्या आठवड्यांत घड्याळ उलटें लावावें, पण क्रम मोडूं नये.

शाकाहारी घरांत ब-१२ च्या गोळीविषयीं संकोच दिसतो. ती प्राण्यांपासून काढलेली असेल, अशी शंका घेतात. ही शंका पिंपरीच्या माणसानें तरी घेऊं नये. पिंपरीच्या कारखान्यांत १९५५ पासून मोठ्या टांक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलीन निघूं लागलें, हें येथील जुन्या लोकांना ठाऊक आहे. ब-१२ हि तशाच टांक्यांत सूक्ष्म जंतूंकडून करवून घेतात. गाईच्या पोटांतहि तें जंतूच करतात. तोंडानें घेतलेल्या मोठ्या मात्रेपैकीं सुमारें एक टक्का त्या सोबती प्रथिनाच्या मदतीवांचूनहि झिरपून रक्तांत जातो. हजारांतले दहा मायक्रोग्रॅम मिळाले, तरी दिवसाची गरज भागते. म्हणून मात्रा एवढी मोठी ठेवलेली असते.

फॉलिक अॅसिडाची हकीकत तर महाराष्ट्रांतच घडलेली आहे. १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स ही इंग्रज स्त्री मुंबईस आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध घेऊं लागली. या बायका निस्तेज होत, धापा टाकीत, आणि कित्येक बाळंतपणांत दगावत. रोगाचे जंतु सांपडेनात. तेव्हां विल्सबाईंनीं त्यांच्या ताटाकडे पाहिलें. यीस्टच्या अर्कानें तो पांडुरोग हटतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें आणि त्याला फॉलिक अॅसिड हें नांव मिळालें. कष्टकरी स्त्रीचा फिकेपणा हा तिचा स्वभाव नसून तिच्या ताटांतली उणीव असते, हा धडा परळच्या गिरणगांवानें जगाला दिला. तो चाकणच्या कारखान्यांनीं विसरण्याजोगा नाहीं. याला एक पुरवणी जोडावी. नुसत्या फॉलिक अॅसिडानें रक्त सुधारलेलें दिसतें, पण ब-१२ च्या अभावीं मज्जातंतूंची झीज आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून दोहोंची जोडी फोडूं नये.

या सर्वांत फसगत होते ती केव्हां? चिंचवडच्या एकाद्या घराची कल्पना करावी. शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालें आहे. बाईचें वजन तीस किलोनीं उतरलें आहे. शेजारीपाजारी कौतुक करीत आहेत. ‘आतां गोळ्या कशाला? बरी तर आहेस!’ असें कोणी म्हणतें, आणि महिन्याचा तो खर्च बंद होतो. पहिले कांहीं महिने कांहींच घडत नाहीं. मग जिना चढतांना दम लागतो. तो कामाचा शीण ठरतो. केस गळतात, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत ते गळतातच व पुन्हां येतात, पण आतां ते येत नाहींत. जीभ लाल व गुळगुळीत होते. तळपायांना मुंग्या येतात, अंधारांत चालतांना तोल जातो. हा ब-१२ चा निरोप आहे. आणि तो फार उशिरां ऐकला, तर रक्त भरून निघतें, परंतु मज्जातंतूंची झालेली हानि कधींकधीं भरून निघत नाहीं. याहून तांतडीचें संकट ब-१ चें. त्याचा सांठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, आणि त्यांत दोन-दोन प्रतिमा दिसूं लागल्या, चाल डळमळली किंवा बोलण्यांत भ्रम आला, तर त्याच घटकेला रुग्णालय गांठावें आणि शस्त्रक्रिया झाल्याचें आरंभींच सांगावें. कारण अशा वेळीं ब-१ दिल्यावांचून साखरेचें सलाईन लावणें धोक्याचें असतें.

म्हणून पहिल्या वर्षीं तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यांत, आणि पुढें दरवर्षीं रक्त तपासावें. नुसतें हिमोग्लोबिन पुरेसें नाहीं. तो हातांतला रोख पैसा झाला. फेरिटिन हा पेढीवरचा सांठा दाखवितो, आणि तो संपल्यावरच रोख घटूं लागते. ब-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम हीं त्याच वेळीं पाहावीं. आणि गोळ्यांच्या भरंवशावर ताट विसरूं नये. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिनें हवींत. म्हणून लहानशा जेवणांत पहिला घांस दही, पनीर, अंडें, मासा, दाट वरण किंवा मऊ शिजविलेली उसळ यांचा, आणि भाकरी-भात मागाहून.

पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या सर्रास घेतात. आडवाटेची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीनें त्या टाळाव्यात; नव्या सांध्यापाशीं त्यांनीं व्रण होतो आणि रक्तस्राव होऊं शकतो. कोणती गोळी चालेल, हें आधींच विचारून ठेवावें.

शेवटचा विषय नाजूक आहे, पण टाळतां येण्याजोगा नाहीं. पाळी नियमित झाली म्हणजे गर्भधारणेची शक्यताहि परतते, आणि ती पाळीच्याहि आधीं परतूं शकते, कारण बीज प्रथम सुटतें व पाळी मागून येते. जिला दहा वर्षें मूल झालें नाहीं, तिला प्रतिबंधाची गरज वाटत नाहीं; आणि घरांतलीं वडील माणसें तर गोड बातमीची वाट पाहत असतात. पण वजन झपाट्यानें उतरत असतां शरीरांत गर्भाला पुरेल असा सांठा नसतो. म्हणून निदान बारा ते अठरा महिने थांबावें, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. सासूबाईंनीं तो सल्ला आपणहून बोलून दाखविला, तर सुनेच्या मनावरचें केवढें तरी ओझें उतरेल! आडवाटेच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडानें घेतलेली प्रतिबंधक गोळी पुरेशी शोषली जाईल, याची खात्री देतां येत नाहीं. म्हणून दुसरें साधन पसंत करतात. त्यांतहि तांबीनें रक्त अधिक जातें, तर अंतःस्राव सोडणाऱ्या साधनानें तें कमी होतें. ज्या स्त्रीचें लोह आधींच उणें आहे, तिनें हा फरक विचारांत घ्यावा. पुढें दिवस राहिले म्हणजे अ जीवनसत्त्वाचा प्रकार बदलून घ्यावा, कारण त्याच्या रेटिनॉल या रूपाची अधिक मात्रा गर्भाला अपायकारक असते. आणि मधुमेहाच्या तपासणीसाठीं गोड पाणी पाजण्यापूर्वीं शस्त्रक्रियेची माहिती द्यावी. त्या पाण्यानें अशा स्त्रीला घाम, धडधड व घेरी येऊं शकते, आणि साखर मोजण्याची दुसरी रीत उपलब्ध आहे.

प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर दूधवाल्याचे खाडे, गॅसची टांकी लावल्याची तारीख, कारखान्याच्या पाळीचा बदल, सारें टिपलेलें असतें. त्याच पानावर पेन्सिलीची एक लहानशी खूण आणखी पडावी: पाळी कोणत्या दिवशीं आली, किती दिवस राहिली, ब-१२ ची सुई केव्हां टोंचली, पुढची तपासणी कोणत्या तारखेला. हें पान घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रीला फारसें बोलावें लागत नाहीं. बारा महिन्यांचा जमाखर्च तिच्या हातांत असतो. आणि ती खूण पाहून नवऱ्यानें किंवा मुलानें सकाळीं सहज विचारलें, ‘लोहाची गोळी झाली का?’ तर चहाचा कप तासभर थांबेल, एवढेंच.